अठरावा प्रश्न

मुलगी बघायच्या कार्यक्रमात आत मोठ्यांचा चहा चालला होता आणि दोघांना जरा बोलून घ्या म्हणून ओट्यावर पाठवलं होतं. तेव्हा साधनाने एकच गोष्ट सांगितली. तिचं कॅनडाला जायचं चाललं होतं. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहून त्यांची सेवा करायची नोकरी होती. दोन वर्षं ते काम केलं की तिथे कायमचं राहण्याचा अर्ज करता येत होता, आणि तो मंजूर झाला की नवऱ्याला बोलावून घेता येत होतं. जाताना मात्र एकटीनेच जायचं होतं.

"बरेच दिवस लागतील," ती म्हणाली. "तुम्हाला नको असेल तर आत्ताच सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही."

जीवन पगारे अंबडच्या एका कारखान्यात फिटर होता. विचार करायला वेळ मागावा असं त्याला वाटलं खरं, पण तोंडातून निघालं, "चालेल." पुढे कितीतरी वेळा त्याने स्वतःला विचारलं, की आपण 'चालेल' म्हणालो ते कशाला? कॅनडाला तर नक्कीच नाही. समोरच्या मुलीने नजर न चुकवता खरं सांगितलं होतं, तिथेच त्याचं ठरलं होतं.

१९९६च्या मे महिन्यात लग्न झालं आणि डिसेंबरात साधना गेली. मधले सात महिने संसार झाला म्हणायचा, पण तोही अर्धामुर्धा. ती कॉलेज रोडच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि तिला बहुतेक नाइट ड्युटीच असायची. जीवनची कंपनीची बस सकाळी सव्वासातला पंचवटी कारंजावरून सुटायची, तर साधना त्याच सुमाराला सिटी बसने घरी परतत असायची. गोदावरीच्या पुलावर दोन्ही बसगाड्या समोरासमोरून जायच्या. बोलणं तर शक्यच नव्हतं. तिचा दमलेला चेहरा खिडकीत दिसायचा, हात वर व्हायचा, की गाडी पुढे. तो संध्याकाळी घरी येईपर्यंत ती डबा घेऊन निघायच्या तयारीत असायची.

ती गेल्यावर बोलणं उरलं ते फोनवर. पगाऱ्यांकडे फोन नव्हता. नंबर लावून ठेवला होता, पण यादी मोठी होती. शेजारच्या लंकाबाईंचा फोन म्हणजे सगळ्या गल्लीचा पी.पी. नंबर. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता साधनाचा फोन यायचा. लंकाबाईंच्या पुढच्या खोलीत टीव्ही चालू असायचा, त्यांची सून भाजी निवडत बसलेली असायची, नातवंडं गादीवर लोळत असायची. फोन आला की लंकाबाई मायेपोटी टीव्हीचा आवाज बंद करायच्या, आणि मग सगळी खोली जीवनकडे बघत बसायची.

"बरी आहेस का?"

"बरी आहे. तुम्ही?"

"बरा आहे. थंडी आहे का?"

"आहे. जेवलात का?"

मग आईला फोन. नवसाबाई सुनेला मोठ्या आवाजात खुशाली सांगायच्या, जणू आवाज समुद्रापलीकडे हातानेच फेकायचा आहे. चार मिनिटं झाली की संपलं.

पत्रांचंही तसंच. पत्र आलं की ते घराचं व्हायचं. जीवनचे वडील भिमाजी चष्मा पुसून खुर्चीत बसायचे, नवसाबाई चुलीपुढून उठून यायच्या आणि जीवनने मोठ्याने वाचायचं. साधनाला हे ठाऊक होतं, म्हणून तीही सगळ्यांना चालेल असंच लिहायची. म्हाताऱ्या बाईंची तब्येत, रस्त्यावरचा बर्फ, आईंनी गुडघ्याला कोणतं तेल लावावं. उत्तर जायचं तेही सगळ्यांच्या वतीने. आपण तिला वेगळं लिहावं असं जीवनच्या मनात यायचं. एकदा पोस्टातून हवाई पत्र आणून तो कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसलाही. 'प्रिय साधना' लिहून झालं आणि पुढे सगळीच लाज आडवी आली. जे कधी तोंडाने बोललो नाही ते कागदावर कुठून आणायचं?

दोन वर्षं म्हणता म्हणता तीन होत आली. १९९९च्या दिवाळीत साधनाला कायम राहण्याचा कागद मिळाला आणि महिन्याभरात तिने जीवनला स्पॉन्सर करायचे फॉर्म पाठवले. भरून तिच्याकडे परत पाठवायचे, तिथला वकील तपासेल आणि मग फाइल दिल्लीच्या कचेरीत जाईल, असं तिने कळवलं होतं. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला, लग्नातले फोटो. हे सगळं धावपळ करून जमलं. अडलं ते अठराव्या प्रश्नापाशी. नात्याची सुरुवात कशी झाली आणि ते आजवर कसं टिकलं, सविस्तर लिहा. खाली अख्खं पान कोरं, शिवाय जागा कमी पडली तर जादा कागद जोडा अशी सूचना.

इंग्रजी करून द्यायला गल्लीतले निवृत्ती सर होते, हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. जीवनने त्यांच्याकडे दोन ओळी नेल्या. 'आमचे लग्न दि. १२ मे १९९६ रोजी बौद्ध पद्धतीने झाले. आमचे संबंध चांगले आहेत.'

सरांनी कागद परत दिला. "चांगले संबंध माझे दूधवाल्याशीही आहेत. बाबा रे, सात महिने एकत्र राहिलात आणि तीन वर्षं भेट नाही. पोरगा नुसता परदेशी जायला नवरा झालाय, असंच कुणाला वाटणार. इंग्रजी मी करतो, पण आधी तू लिही."

रविवारी सकाळी घरचे एका साखरपुड्याला गेले होते. जीवन जमिनीवर पाट घेऊन बसला. या वेळी कागद कुणाला मोठ्याने वाचून दाखवायचा नव्हता. वाचणारा कुणी अनोळखी साहेब होता, त्याची लाज वाटायचं कारण नव्हतं. लेखणी सुरू झाली ती थांबेना.

त्याने पुलावरच्या बसगाड्यांचं लिहिलं. 'समोरून येणारी गाडी उजव्या हाताला येते, म्हणून मी उजव्या खिडकीशी बसायचो. ती गेल्याला तीन वर्षं झाली. मी अजून तिथेच बसतो. दुसरा कुणी आधी बसला असेल तर त्याला उठवतो, आणि का उठवलं ते सांगत नाही.' त्याने पुढे लिहिलं, 'नाइट ड्युटी करून आली की ती दुपारपर्यंत झोपायची. सुट्टीच्या दिवशी मी घरात आवाज होऊ द्यायचो नाही. आजही रविवारी बारा वाजेपर्यंत मी रेडिओ लावत नाही. आईला वाटतं मला गाण्यांची आवड राहिली नाही.' आणि शेवटी, 'फोनवर मी तिला थंडी आहे का असं विचारतो. मला ते विचारायचं नसतं. तू घरात नाहीस तर मला घरी आल्यासारखं वाटत नाही, हे सांगायचं असतं. पण समोर माणसं असतात.'

निवृत्ती सरांनी दोन्ही कागद वाचले. 

"हे तिला कधी कळवलंस का?"

"नाही सर."

"मग इंग्रजीबरोबर हा मराठी कागदही लाव, फाइल आधी तिच्याच हातात पडणार आहे. टाचणी मीच लावून देतो."

जीवनने नको म्हणायला तोंड उघडलं, पण सरांनी टाचणी लावलीही होती.

फाइल साधनाकडे पाठवल्यावर बाराव्या दिवशी, भर बुधवारी, लंकाबाईंची सून धावत बोलवायला आली. बुधवारी फोन म्हटल्यावर जीवन तसाच उठला. तो चप्पल न घालताच गेला. नवसाबाईही पाठोपाठ आल्या. खोलीत नेहमीसारखी सगळी माणसं, टीव्ही बंद.

"हॅलो? काय झालं?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, अडकत अडकत येणारा.

"साधना, बरी आहेस ना?"

"वाचलं मी," ती म्हणाली. "तुम्ही काही बोलू नका. सगळे असतील तिथे. मला माहितेय. नुसता फोन धरून ठेवा."

त्याने धरून ठेवला. खोलीतली माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, नवसाबाई खुणेनेच काय झालं विचारत होत्या, आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. कितीतरी वेळाने तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. लंकाबाईंनी विचारलं, सगळं ठीक ना? जीवन म्हणाला, "हो. कागद पोचले." आणि इतकं बोलून तो भरभर बाहेर पडला, कारण त्याला चारचौघांत रडायचं नव्हतं.

दिल्लीला मुलाखतीला बोलावणं आलं ते २०००च्या सप्टेंबरात. काचेपलीकडे एक मध्यमवयीन गोऱ्या बाई होत्या, शेजारी हिंदीत सांगणारा दुभाषा. बाईंपुढे फाइल उघडी होती. त्यांचा आवाज कडक नव्हता, पण मऊही नव्हता. पावणेचार वर्षांत एकदाही भेट का नाही, असं त्यांनी विचारलं. जीवनने सांगितलं, पहिल्या दोन वर्षांत ती रजेवर आली असती तर तेवढे दिवस मोजणीतून गेले असते. मग म्हाताऱ्या बाई अंथरुणाला खिळल्या आणि तिला त्यांना सोडवेना. गोऱ्या बाईंनी लिहून घेतलं. त्यांनी पानं उलटली, एका ठिकाणी थांबल्या आणि मग एका कोऱ्या कागदावर दोन लांबट चौकोन काढून तो काचेखालून पुढे सरकवला.

"तुम्ही कुठे बसायचा ते दाखवा," दुभाषा म्हणाला.

जीवनने क्षणभरही न थांबता आपल्या बसवर, ड्रायव्हरच्या मागे तिसऱ्या खिडकीवर बोट ठेवलं. मग विचारलं नसतानाही समोरच्या बसवर दुसरं बोट ठेवलं. "ही इथे बसायची. कधी कधी झोप लागायची तिला. मग दिसायची, पण हात करायची नाही. त्या दिवशी मला दिवसभर चुटपुट लागायची."

दुभाष्याला 'चुटपुट' इंग्रजीत सांगता येईना. तो दोनदा अडखळला. बाईंनी जीवनकडे नीट बघितलं आणि निकाल पत्राने कळेल असं सांगून कागद फाइलला लावून टाकला.

मंजुरीचं पत्र आलं फेब्रुवारीत. नवसाबाईंनी ते दोन्ही हातांत धरलं, उलटंसुलटं केलं आणि देवळीत ठेवून दिलं. इतकी वर्षं त्या सुनेच्या वाटेकडे डोळे लावून होत्या. आता मुलगाही चालला, हे त्यांच्या त्या दिवशी नीट ध्यानात आलं. पुढचे पंधरा दिवस त्यांनी जीवनला एकट्याला जेवू दिलं नाही, समोर बसून राहिल्या. निघायच्या दिवशी भिमाजींनी मुलाचा खांदा दाबला. "तिला सांग, तिने शब्द पाळला," ते म्हणाले. मुंबईची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत आई दारात उभी होती. जीवनला वाटलं, आता हिला सोडून जातोय त्याचा फॉर्म कुणाकडे भरायचा?

टोरोंटोच्या विमानतळावर दार सरकलं आणि माणसांच्या गर्दीत साधना दिसली. केस आखूड केलेले, चेहरा थोडा भरलेला, हातावर एक मोठा काळा कोट. ती पुढे आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्याने काय बोलायचं ते विमानात किती तास घोकलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"घाला आधी," ती म्हणाली. "बाहेर फार गार आहे."

तो कोट त्याला दोन मापं मोठा झाला. खांदे खाली उतरले, बाह्या बोटांच्याही पुढे लोंबायला लागल्या. साधना बघतच राहिली.

"मी अंदाजानेच आणला," ती म्हणाली. "मला तुम्ही एवढे आठवत होतात. तुम्ही एवढेच होतात का हो?"

"एवढाच होतो," जीवन म्हणाला.

तिने त्याचा एक हात आपल्याकडे ओढला आणि बाही दुमडायला घेतली. एक घडी, दुसरी घडी, मग त्याची बोटं दिसायला लागली. भोवताली माणसं सामानाच्या गाड्या ढकलत जात होती. कुणाचंही त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. साधनाने दुसरा हात घेतला, आणि ती बाही दुमडून झाल्यावरही तो सोडला नाही.