पंपावर बसवलेला

माझ्या मानेखालच्या आट्यांवर पाण्याचा एक थेंब जमला होता. मोहरीएवढा. तो खाली पडत नव्हता. गरम पाइपावरच सुकून जाई आणि त्याच जागी दुसरा येई.

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर ट्रान्समीटर आहे. पाइपातल्या पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त आहे, ते ओळखायचं आणि तारेवाटे कंट्रोल रूमला कळवायचं, हे माझं काम. नव्वदीच्या दशकात मी बेंगळुरूला, राजाजीनगरजवळच्या रेशीम रंगवण्याच्या एका कारखान्यात आलो. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपाच्या पाइपावर मला थेट पिळून बसवलं. दाब जरा हलला की मी लगेच सांगे. त्याचं सगळ्यांना फार कौतुक होतं.

पण पंपाची थरथर सतत माझ्या मानेत उतरत होती. धातूही थकतो. तो बोलून दाखवत नाही, एवढंच.

ते ओळखलं मनस्विनीने. कारखान्यातली मोजमापाची उपकरणं तीच सांभाळायची. "ह्याला भिंतीवर घेऊ या," ती मॅनेजर रघुपतींना वारंवार सांगे. "बारीक नळीने दाब तिथवर आणू, नळीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह ठेवू. आकडा किंचित उशिरा येईल, पण थरथर लागणार नाही."

"दसऱ्यात आयुधपूजेला यंत्रं बंदच असतात. तेव्हा बघू," रघुपती म्हणत.

आयुधपूजा आली. मला गंध लागलं, फूल मिळालं. सगळे चुरमुरे घेऊन घरी गेले. मी पंपावरच राहिलो.

आणि आता हा थेंब. मनस्विनीने तो पुसला, बॅटरीचा झोत टाकला आणि रघुपतींना बोलावून आणलं.

"अण्णा, मान चिरली आहे. तुटली तर कढत पाणी थेट खंडोजीअण्णांच्या अंगावर येईल."

बॉयलर सांभाळणारे खंडोजी माझ्या अगदी समोर उभे असत. "माझी आंघोळ सकाळीच झालीय, अक्का," ते हसले. पण एक पाऊल मागे सरकले.

"रंगाच्या हौदात लग्नाच्या साड्यांचं रेशीम आहे," रघुपती म्हणाले. "बॉयलरची वाफ तुटली तर हौद थंड होईल, रंगाचे पट्टे पडतील. स्वल्प थांब. हा हौद होऊ दे."

"मी थांबेन. चीर थांबेल का?"

"सरी, ठीक आहे," खंडोजी म्हणाले. "सर, तोवर तुम्ही उभे राहा इथे. मी चहा घेऊन येतो."

कोणीच हसलं नाही. माझ्या मानेत चीर पुढे सरकत होती, आणि मला दाबाखेरीज काही सांगता येत नव्हतं. मित्रांनो, यंत्र कुठे बसवायचं हे ठरवताना त्याच्यासमोर रोज कोण उभं राहणार आहे, तेही बघत जा.

रघुपती खरोखरच खंडोजींच्या जागी येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाइपावर हात टेकला आणि चटकन काढून घेतला.

"आधी बॉयलरची आग विझवा, मग पंप बंद करा," ते म्हणाले. "रेशीम गेलं तर जाऊ दे. ह्याला आजच भिंतीवर घ्या."