दोन नोरांचा पाळणा

मी एक जुना पाळणा आहे. टांगायचा नव्हे हं, जमिनीवर डुलणारा. आमच्या आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावर झाडं नावालाच, म्हणून फुटलेल्या जहाजाच्या वाहून आलेल्या फळ्यांतून मला बनवलं. म्हणजे समुद्र पाहूनच मी घरात आलो. याचा मला भारी अभिमान आहे.

मित्रांनो, माझ्यात पहिल्यांदा निजली ती नोरा. चिमुरडी तापाने गेली. पुढे दुसरी मुलगी झाली, तिचंही नाव नोराच ठेवलं. आजीचं नाव घरातून जाऊ द्यायचं नाही, अशी इथली रीत. ही नोरा मात्र दणकट. लाथा मारून मारून तिने माझी फळी खिळखिळी केली आणि मोठी होऊन अमेरिकेला निघाली. तिकडे गेलेलं माणूस परतत नसे, म्हणून शेजारी आदल्या रात्री मयताला बसावं तसे बसले, रडले आणि इथल्या रीतीने नाचलेसुद्धा.

पुढे किती पोरं जोजवली मी! "याच्यात पोर कसं पटकन झोपतं," असं सगळे म्हणायचे. मग घरात पोरंच होईनाशी झाली आणि माझ्यात जळण भरू लागले.

यंदा बोस्टनहून लोरेटा आली. तिची पणजी नोरा याच गावची. ती कुठल्या घरातून निघाली, एवढंच लोरेटाच्या नव्वदीच्या आईला डोळे मिटण्याआधी कळायला हवं होतं.

"हे घर नव्हे," चहा पिता पिता लोरेटा म्हणाली. "आत्ताच कबर पाहिली. तुमची नोरा लहानपणीच गेली."

"गेली बिचारी," घरमालकीण डीलिया म्हणाली. "पाव घे, पोरी." लोरेटा साठीची आहे, पण डीलियाला सगळ्या पोरीच वाटतात.

मी आतल्या आत तडफडत होतो. अगं, दुसरीचं सांग ना! पण अख्ख्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट कोण कशाला सांगत बसेल?

"अमेरिकेहून येतो त्याला नोराच हवी असते," डीलियाचा भाऊ मॅलकी म्हणाला. "मेंढ्या चोरणारा पणजोबा कुणालाच नको."

"त्याच्यावर तू गेलायस की," डीलिया म्हणाली.

लोरेटा कसंबसं हसली आणि निघायला उठली. तेवढ्यात तिचा पाय मला अडखळला.

"तुम्ही यात झोपायचात?"

"मीही, आणि माझ्या आधीची डीलियाही."

"आधीची?"

"माझी बहीण. ती गेली, तिचं नाव मला दिलं. त्यात काय एवढं?"

लोरेटा परत खाली बसली. "मग नोरा..."

"अमेरिकेला गेली ती दुसरी नोरा," मॅलकी म्हणाला. "मेलेली कशी जाईल, बाई?"

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?" डीलिया म्हणाली.

लोरेटाने फोन लावला. "आई, घर सापडलं. आत्ता त्यांच्या शेकोटीपाशीच बसलेय."

पलीकडून एक बारीक आवाज आला, "पेटलीय का गं?"

"पेटलीय," लोरेटा म्हणाली. मग तडतड ऐकू जावी म्हणून तिने फोन शेकोटीजवळ धरला.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असा हट्ट मी धरणार नाही (केलंत तर आवडेल मात्र). एवढंच मागतो: घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. त्यांना जे सांगण्याजोगं वाटत नाही, तेच खोदून खोदून विचारा. मला सगळं माहीत होतं, पण तोंड नव्हतं. त्यांना आहे. आणि बसलात की लगेच उठू नका, आणखी एक कप चहा मागा.