पिवळट सकाळ, निळसर संध्याकाळ

सकाळी साडेसहाला निरीक्षक दिवाणखान्यात येत, तेव्हा त्यांच्या एका हातात काचेची नळी असे आणि दुसऱ्या हातात थेंबांची बाटली. माशांच्या टाकीतले पाणी नळीवरच्या रेघेपर्यंत भरायचे, तीन थेंब सोडायचे, बूच लावून नळी दहा वेळा उलटीसुलटी करायची आणि खिडकीशी जाऊन रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहायची. टाकीचा दिवा नऊ वाजता आपोआप लागे. तोवर आतली झाडे काळपट दिसत. तळाच्या वाळूवरून मिशा फिरवत येणारा एक ठेंगणा मासा मात्र काचेशी हजर असे. प्रत्येक दगडाखाली काय चालले आहे ते पाहिल्याशिवाय तो पुढे सरकत नसे, म्हणून त्याचे नाव हेडक्लार्क.

त्या मंगळवारी नळीतला रंग पुन्हा पिवळट हिरवा आला. पीएच सहा पूर्णांक सहा, म्हणजे पाणी किंचित आंबट. हवा होता सात.

निरीक्षकांची एकतीस वर्षे वजनमापे खात्यात गेली होती. काटा एका बाजूला झुकला की दुसऱ्या बाजूला काहीतरी ठेवायचे, हे त्यांच्या हाडांत मुरले होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून पुडी काढली, चिमूटभर खाण्याचा सोडा मगभर पाण्यात विरघळवला आणि तो टाकीत सोडला.

टाकी त्यांच्या भाचीची. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी परगावी जाताना तिने ती मामा आणि मावशीच्या घरी ठेवली होती. रविवारी ती परतणार होती. पाणी स्थिर आणि मासे सुखात दिसले तर टाकी इथेच राहणार. नाहीतर तिच्या मैत्रिणीच्या दातांच्या दवाखान्यात, तोंड धरून बसलेल्या रुग्णांसमोर. निवृत्तीनंतर सकाळी आपली वाट पाहणारे कोणी नाही, हे निरीक्षकांनी कधी बोलून दाखवले नव्हते. हेडक्लार्क आल्यापासून बोलायचे कारणही उरले नव्हते.

पण गेल्या तीन आठवड्यांत पाणी गढुळले होते, आणि दोन दिवसांपासून हेडक्लार्क वाळू सोडून वर येऊन हवा गिळत होता.

बाटली खाली ठेवताना निरीक्षकांना ती हलकी वाटली. त्यांनी हिशेब केला. बाटली आणून एकवीस दिवस, रोज तीन, म्हणजे त्रेसष्ट थेंब. कमी मात्र झाले होते जवळजवळ दुप्पट. मापात खोट सापडली की त्यांची झोप उडत असे. इथे तर दुपारची झोप उडाली. संध्याकाळी सहाला ते पडद्याआड उभे राहिले.

त्यांची थोरली बहीण आली. शाळेत गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेली, घरात सगळ्यांची ताई. तिने सराईतपणे नळी भरली, थेंब टाकले, तक्ता पाहिला, मान हलवली आणि पदराआडून छोटी शिशी काढून चमचा भरला.

"ताई, ते काय आहे?"

"अगंबाई! पडद्यामागे काय लपतोस, लहान आहेस का? चमचा आहे."

"चमच्यात?"

"व्हिनेगर. रोज संध्याकाळी पाणी निळसर येतंय, सात पूर्णांक चार! तू सकाळी काय मोजतोस देव जाणे. म्हटलं, चारचौघांत तुझी शोभा नको, गुपचूप निस्तरावं."

"मी रोज सकाळी सोडा घालतोय!"

"कुठला सोडा? माझ्या डब्यातला? तरीच परवा केक बसला! मी मेली ओव्हनला शिव्या घालत होते."

मग तिच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला. "अरे, सोडा आणि व्हिनेगर... मोरी तुंबली की मी हेच ओतते."

हेडक्लार्क वर येऊन हवा गिळून गेला.

दुसऱ्या दिवशी शोभेच्या माशांच्या दुकानदाराने दोघांचे सगळे ऐकून घेतले. हसू आवरायला त्याला जाळे धुण्याचे निमित्त करावे लागले.

"साहेब, अंधारात झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो पाण्यात विरघळतो, म्हणून सकाळी आकडा खाली. दिवा लागला की झाडं तोच वायू खातात, म्हणून संध्याकाळी वर. तुमचंही माप खरं, ताईंचंही खरं. आणि व्हिनेगरवर जंतू पोसले, म्हणून पाणी गढूळ."

"एकाच वस्तूची दोन खरी मापं?" निरीक्षकांचा आवाज चढला. "असं नसतं हो!"

"तुमचं वजन उठल्या उठल्या आणि पोटभर जेवल्यावर एकच भरतं का?"

घाव नेमका त्यांच्या खात्यावर बसला. निरीक्षकांचा हात खिशाकडे गेला.

"मग आता काय घालू?"

"काही नाही. रोज थोडं थोडं पाणी बदला, आणि बाकी वेळ हात खिशात."

"त्याच्या खिशात सोड्याची पुडी असते," ताई म्हणाली.

शनिवारी पाणी निवळले. हेडक्लार्क पुन्हा वाळूवर उतरला आणि एका दगडाखाली शिरून बराच वेळ चौकशी करत राहिला. दुपारी भाचीचा फोन आला.

"मामा, पाणी किती आहे?"

सात म्हणून टाकणे सोपे होते. "सकाळी सहा सहा, संध्याकाळी सात चार," निरीक्षक म्हणाले आणि सोडा, व्हिनेगर, पडदा, सगळे सांगून मोकळे झाले.

पलीकडे बराच वेळ खिदळणे चालले. मग ती म्हणाली, "आकड्यांचं काही नाही रे. पण मी तुम्हा दोघांना ओळखते. उद्या पुन्हा आकडा दिसला की तुमचे हात शिवशिवणार. मी कशाच्या भरवशावर टाकी ठेवू?"

"उद्या ये. बघ," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी नळी, बाटली आणि तक्ता एका डब्यात भरला, गॅलरीतली शिडी आत आणली आणि बहिणीला हाक मारली.

"ताई, शिडी धर."

शिडीचा एक पाय आखूड होता. खालून कोणी धरल्याशिवाय तिच्यावर चढता येत नसे. तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली. निरीक्षक वर गेले, डबा माळ्यावर ट्रंकेच्या मागे सरकवला आणि खाली उतरले.

"आणि मला कधी बघावंसं वाटलं तर?" ताईने विचारले.

"तर मला हाक मार. मी धरीन."

"आणि तुला वाटलं तर?"

"मी तुला."

तिने क्षणभर विचार केला, मान डोलावली, आणि दोघांनी मिळून शिडी गॅलरीत नेऊन ठेवली.