लांब खड्डा

मी एक जुनी, गंजलेली कुदळ आहे, मित्रांनो. हिम्मतरावांनी बेगम बाजारातून मला बरकतपुऱ्यातल्या घरी आणलं, तेव्हा माझं पातं लखलखत होतं. मी झाडांना आळी केली, न्हाणीघराचा पाया खणला, कौतुकही पुष्कळ करून घेतलं.

त्या घरात हिम्मतरावांची विधवा भावजय तारामती आणि तिची लेक जयवंता राहत. जयवंता जन्मापासून पांढरीफटक होती; केस, पापण्यासुद्धा. उन्हात तिचे डोळे उघडत नसत. घरचे तिला ‘भुरी’ म्हणत, आणि कुणी कामाला निघालं की तिचं तोंड दिसू नये म्हणून तिला परसात पिटाळत. ती माझ्याजवळ सावलीला येऊन बसे. मला फार वाईट वाटे.

रझाकारांच्या धामधुमीत हिम्मतरावांनी माझ्याकडूनच परसात दागिन्यांची पेटी पुरून घेतली आणि सगळे सोलापूरला गेले. पोलीस ॲक्शननंतर परतले, तर पेटी गायब! आधी उकरलेली माती मला लगेच कळते. कुणीतरी ती केव्हाच लांबवली होती. पण हिम्मतरावांनी बोलावलेला अंबाजी मांत्रिक म्हणाला, “धन जमिनीखाली सरकलंय. भुऱ्या पोरीशिवाय वर यायचं नाही.”

अमावास्येच्या दुपारी हिम्मतराव आणि अंबाजीने मला धुऊन हळदकुंकू वाहिलं. एरवी अशी पूजा पाया नाहीतर विहीर खणण्याआधीच होते. मी खणू लागले. खड्डा खोल कमी आणि लांब जास्त होत होता.

इतक्यात तारामती धुणं वाळत घालायला आली. माझ्यावरचं कुंकू तिला दिसलं.

“भाऊजी, इथं काय बांधायचंय?”

“हल्लू बोल. काही नाही, पोरीला जरा उभी करायची, बस्स.”

“उभी करायला एवढा लांब खड्डा?”

हिम्मतरावांनी मला पुन्हा मातीत घातलं. तारामतीने हातातलं ओलं लुगडं सावलीत बसलेल्या जयवंताच्या डोक्यावर टाकलं, तिचं मनगट धरलं आणि भर उन्हात हिमायतनगरला भावाचं घर गाठलं.

अंबाजीने निवांतपणे झोळी भरली. फाटकाशी थांबून त्याने शेजाऱ्याला विचारलं, “इकडं आणिक कुणाकडं असलं पोर आहे का?”

मित्रांनो, मी लोखंडाची. ज्याच्या हाती जाईन त्याच्यासाठी खणते. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. तुम्हांला येतं. त्या शेजाऱ्यालाही येत होतं. त्याने बोट दाखवलं.