मधला तुकडा

धाकटा अठ्ठावन्न वर्षांचा होता, पण त्याच्यानंतर घरात कुणी जन्मलंच नाही, म्हणून तो धाकटाच राहिला. घर म्हणजे दोन खोल्या, एक ताई, एक तो आणि खिडकीपाशी कुंडीतलं झाड, युक्का. युक्का छताला टेकला होता. त्याची वरची पानं मान वाकवून उभी असत, ठेंगण्या दारात उंच पाहुणा अवघडतो तशी.

दोघं कोटांच्या कारखान्यातली. ताई कापड बेतायची, कापायची. धाकटा शिवून आलेल्या कोटाला इस्त्री करायचा. म्हणजे कोटाची सुरुवात ताईकडे, शेवट याच्याकडे. मधलं जग बाकीच्यांचं.

नुकतीच ताई कामातून मोकळी झाली, आणि लेकीचे फोन वाढले. आई, आता इकडेच ये. कायमची. ताई ‘बघू’ म्हणायची. एका सकाळी तिनं करवत काढली.

“तीन भाग करायचे. शेंडा शेजारच्या डॉक्टरीणबाईंना, कधीच्या मागे लागल्यात. बुंधा मुळांसकट तुला. मधला माझा.”

“मधल्याला ना डोकं ना पाय. काय करणार त्याचं?”

“लावणार. जगला तर घेऊन लेकीकडे जाणार.”

“आणि नाही जगला तर?”

ताईनं पात्याची धार अंगठ्यावर अजमावली. “तर मीही नाही जाणार. मी इथे राहायला आल्यापासूनची एकोणीस वर्षं आहेत त्यात. ती रुजत नसतील तर मी कसली रुजतेय?”

धाकट्यानं खोड धरलं. भुसा पांढरा पडला, आणि

शेंडा

गेला. डॉक्टरीणबाई त्याला कडेवर घेऊन जिना उतरल्या.

बुंधा

राहिला. कुणी टोपी पळवलेल्या माणसासारखा दिसत होता.

मधला

हातभर लांब, मनगटाएवढा जाड, दोन्ही टोकांना सारखाच. ताईनं कापड बेतायच्या खडूनं एका टोकाला लिहिलं, ‘वर’. “चार दिवस सुकू दे. ओला लावला तर कुजेल, उलटा लावला तर मरेल. कळलं ना, ठोंब्या?”

ठोंब्याला कळलं होतं.

चौथ्या दिवशी ताई डोळे तपासायला गेली. धाकट्यानं तुकडा कपाटावरून काढला, मांडीवर घेतला. चौतीस वर्षं त्याच्यापुढे आलेल्या प्रत्येक कोटावर खडूच्या खुणा असत. त्या झटकायच्या, मगच इस्त्री उचलायची. एव्हाना ते काम डावा हात त्याला न विचारता करत असे. तो खिडकीबाहेर बघत राहिला. भानावर आला तेव्हा बाहीवर पांढरी भुकटी होती, आणि तुकडा त्यानं दोनदा तरी उलटापालटा केला होता.

पानांच्या जुन्या वणांवरून दिशा ओळखणारे ओळखतात. हे दोघं त्यातले नव्हते.

“वर कुठलं?” ताईनं आल्या आल्या विचारलं.

“ताई…”

“अरे, वर कुठलं?”

“पुसलं गेलं.”

“पुसलं गेलं की पुसलंस?”

धाकट्यानं स्वतःच्या मनात डोकावून पाहिलं. तिथे धुकं होतं. “हातानं पुसलं. मला विचारलं नाही त्यानं.”

ताई म्हणाली, “आज त्या हाताला वाढणार नाही मी.” आणि कोपऱ्यातला लांबोडका पत्र्याचा ट्रे ओढला, माती पसरली. “उभं करता येत नाही ना? मग झोपवू या.” तुकडा आडवा ठेवून तिनं त्याला अर्ध्या अंगापर्यंत मातीत दाबलं.

दुपारचं

कारखान्यात जेवणानंतर वाफेची झापड येते. धाकटा कोटांच्या ढिगाला टेकला.

तुकडा त्याच्याच अंथरुणात झोपलेला,
कमरेपर्यंत पांघरूण.
मी कुठल्या अंगानं उठू, असं विचारतो.
धाकटा म्हणतो, झोप अजून थोडा.
अजून थोडा.
अजून

भोंगा झाला.

आडवं

तीन आठवडे गेले, थंडी वाढली. तुकडा होता तसा पडून. ताईनं ट्रेकडे बघणं सोडलं. मग एक दिवस तिनं अर्धी भरलेली पेटी रिकामी करायला घेतली.

धाकट्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही, दोन घास जास्तच गेले. पण मग ताई फोनवर लेकीला म्हणाली, “बघू गं, माझे गुडघे…” ताईच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. तिचा आवाज मात्र चुरगळलेल्या बाहीसारखा झाला होता, आणि ती सुरकुती काढणं याच्या इस्त्रीच्या आवाक्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ट्रे काखोटीला मारून कारखान्यात निघाला. ताईनं विचारलंसुद्धा नाही. इस्त्रीच्या टेबलाखाली एक फळी होती, जिथे दिवसभर ऊब साठायची. भाजणारी नाही, तळहाताएवढी. ट्रे त्याच फळीवर ठेवला. दर कोटामागे माती चाचपायची, कोरडी वाटली तर चार थेंब पाणी.

काजं-बटणं करणारी बाई वाकून बघू लागली. “याचा कोट शिवायचाय का हो?”

“आजारी आहे.”

“मग ताप उतरवताय होय?”

“नाही. आणतोय.”

बाईला सगळी हकिकत माहीत होती. कारखान्यात कुणाला नव्हती? ती हळूच म्हणाली, “अहो, फुटला तर ताई जाणार ना तुमची?”

“जाणार.”

“मग?”

धाकट्यानं इस्त्री दाबली. वाफ दोघांच्या मधे उभी राहिली, आणि तिच्या पलीकडे ताई एका रुंद, उजेडानं भरलेल्या खोलीत पेटी उघडून बसलेली त्याला स्पष्ट दिसली. त्या खोलीत तो नव्हता. तरी खोली छान होती.

हिरवं

एकतिसाव्या दिवशी तुकड्याच्या पाठीवर, एका टोकापासून चार बोटांवर, वाटाण्याएवढा फुगवटा आला. साल तडकली होती आणि आत हिरवं होतं. धाकट्यानं तुकडा जरासा हलवून पाहिला. हलला नाही. खाली मातीनं त्याला धरलं होतं.

हातातला कोट त्यानं पुरा केला. मग जिन्यात जाऊन भाचीला फोन लावला.

“मामा? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. तुझ्याकडे ऊन येणारी खोली आहे?”

“आहे. कुणासाठी?”

“ताईसाठी. तिला अजून सांगितलं नाही, आता घरी जाऊन सांगतो. आणि ऐक, खिडकीची कड मोजून ठेव. आडवं येतंय.”