पाखऱ्याची शिंगं

एक बैल, बिनशिंगाचा.

ओल्या गोणपाटाचा वास.

"तपकिरी भाग मेला नाही. ओढायचा नाही." हे एका मडमेचं मराठी.

पाच हात काथ्या.

बेंदराच्या दिवशी गेनबाच्या बैलाने पुरणपोळी अर्धीच खाल्ली.

सावळाराम कामथडीचा. धरणावरच्या इंजिनीअर साहेबाच्या बंगल्यात माळी. चैत्रात मडम विलायतेला निघाली आणि जाताना तिने आपलं लाडकं रोप त्याच्या हातात दिलं, कारण साहेबाला झाडं दिसतच नसत. रोप कसलं, फळीवर बसवलेलं सांबराचं डोकं. मागे शेणीसारखी गोल तपकिरी चकती, तिच्यातून बाहेर आलेली हिरवी, फाटे फुटलेली, हातभर लांब शिंगं. माती नाही. कुंडी नाही.

"मी श्रावणात येणार," मडम म्हणाली. "हे मेलं तर तू येऊ नको."

सावळारामने फळी डोक्यावर घेतली. रस्ताभर लोक बाजूला होत गेले.

"ह्येला खायाला काय?" बायकोने विचारलं. तिचं नाव धोंडाबाई.

"काय न्हाई. आठवड्यातनं दोनदा फळीसकट पाण्यात बुडवायचं."

"आन दूध?"

"झाड हाय ते."

"झाडाला शिंगं, आन आपल्या बैलाला न्हाईत."

हे खरं होतं. त्यांचा एकुलता एक बैल, पाखऱ्या, जन्मतःच बोडका. दर बेंदराला गावातले बैल शिंगं रंगवून मारुतीसमोर मिरवत आणि पाखऱ्या खाली मान घालून मधून चाले. गेल्या साली शेजारचा गेनबा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "धोंडावैनी, गाढवाला बी पुरणपोळी का?" धोंडाबाईने ते वर्षभर जपून ठेवलं होतं, लोणच्यासारखं.

सावळारामने फळी गोठ्यात पाखऱ्याशेजारच्या मेढीला अडकवली. तिथे सावली होती, ओल होती. त्याने नियम सांगितले.

उन्हात न्यायचं नाही.

शिंगांवरची पांढरी लव पुसायची नाही. ती धूळ नव्हे.

चकती ओढायची नाही.

धोंडाबाईने तीन महिने सगळं पाळलं. शिंगं वाढली. दोन नवे फाटे फुटले. सावळाराम रोज कामावर जाताना ते मोजायचा आणि जरा ताठ चालायचा.

बेंदराच्या दिवशी साहेबाकडे पाव्हणे होते, म्हणून त्याला सुट्टी नव्हती. दिवस कलताना तो गावात शिरला तर वाजंत्री चालू होती. मारुतीसमोर बैलांची रांग. रांगेत पाखऱ्या. पाखऱ्याच्या डोक्यावर फळी, काथ्याने गळ्याखालून आवळलेली, आणि फळीवर अकरा टोकांची हिरवी शिंगं. एवढी शिंगं तालुक्यात कुणाच्या बैलाला नव्हती. पाखऱ्या पहिल्यांदाच मान वर करून उभा होता, कारण फळीमुळे ती खाली जात नव्हती.

धोंडाबाई कासरा धरून होती. तिने गेनबाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काय केलंस ह्ये?" सावळाराम म्हणाला.

"पुसलं न्हाई," ती म्हणाली. "ओढलं न्हाई. ऊन बी न्हाई, आभाळ हाय. बांधायचं न्हाई आसं तुमी बोलला न्हाईत."

तो बैलांमधून वाट काढत असताना गेनबाच्या बैलाने शेजारून मान लांब केली. अर्धी पुरणपोळी तोंडातून खाली पडली. हिरव्यापुढे गोडाचं काय. तीन घास झाले. सावळाराम पोचेपर्यंत चौथाही झाला.

उरली फळी आणि चकती.

गेनबाने आपला बैल मागे ओढला. मग म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्या बैलाची शिंगं हायत घरात. खिळ्यानं ठोकू का? विलायतेत काय कळतंय."

"तुमी गप बसा, भावजी," धोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता.

त्यानंतर ती चकतीला स्वतः बुडवू लागली. सावळारामला हात लावू देईना. बुडवताना तिच्याशी काहीबाही बोलायची, आजारी शेळीशी बोलावं तसं. श्रावण लागला तेव्हा चकतीच्या मधोमध हुलग्याएवढा हिरवा ठिपका होता, लवेने झाकलेला. आणि मडम आल्याचा निरोप होता.

सावळारामने फळी ओल्या गोणपाटात गुंडाळली. धोंडाबाईही निघाली.

"तू कशाला?"

"ती काय बोलंल ते म्या ऐकीन. तुमी माळी ऱ्हायला पायजे."

बंगल्याच्या व्हरांड्यात तिनेच गोणपाट उघडलं. "बैलानं खाल्लं," ती म्हणाली. "बांदलं म्याच. ह्यांनी न्हाई."

मडमेने फळी उजेडात धरली. चकतीवर बोट ठेवलं. ओढून पाहिलं नाही. मग ठिपका दिसला आणि ती वाकली.

"बैल?" तिने विचारलं.

"व्हय."

"उद्या पाणी घाल, सावळाराम," मडम म्हणाली, आणि फळी स्वतःच खिळ्याला अडकवली.

दोन वर्षांपूर्वी, रोप बंगल्यात नवं असताना, मडमेच्या घोड्याने त्याची सगळी शिंगं खाल्ली होती.