दत्तोबांच्या हत्यारांना नावं ठेवली

वस्तू आवडली की तोंड वाकडं करायचं, हा माझा पहिला नियम. दुसरा नियम नाही. हा एक ज्याला जमला त्याला जुन्या बाजारात कुणी फसवू शकत नाही, आणि मला अजून कुणी फसवलेलं नाही. बुधवारी-रविवारी तिथं जाऊन बघा लोक काय करतात ते. करवत उचलतात आणि बायकोला म्हणतात, बघ किती मस्त आहे. झालं, विकणाऱ्यानं मनातल्या मनात दीडशे रुपये चढवले. मी आधी शेजारच्या नळाच्या तोट्या बघते, मग एखादा मोडका पंखा, आणि निघता निघता करवत पायानं जराशी सरकवून विचारते, हे भंगार कितीला म्हणायचं?

ऐकणाऱ्याला वाटतं, बाई बढाया मारतेय. वाटू दे की, हिशेब माझ्याकडे आहे. मांजरीतल्या शेडमधला, लाकूड आवळून धरायचा बाकाचा शिकंजा मी रद्दीच्या भावात आणलाय, आणि तो उचलायला दोन माणसं लागतात. गंज दोन जातींचा असतो एवढं कळलं की निम्मं काम होतं. वरवरचा गंज रॉकेलनं निघतो, त्याला घाबरायचं नाही. धारेपाशी खड्डे पडलेले असले तर मात्र ते पातं फुकटसुद्धा नको. हे मला कुणी शिकवलं नाही. नवरा गेल्यावर खडकीच्या फॅक्टरीत त्याच्या जागेवर मला घेतलं, ते लाकडी खोक्यांच्या खात्यात. पहिल्या दिवशी सगळे पुरुष हसले. बत्तीस वर्षांनी रिटायर झाले तेव्हा त्यातलेच दोघं पटाशीला धार लावून घ्यायला माझ्याकडे येत होते.

तर शेड. शेड माझी नाही, माझ्या लेकीची, दीपमालाची. खराडीतली चांगली एसीतली नोकरी सोडून गेले आठ महिने ती तिथं सुतारकाम करते. मी काय बोलले नसेन तेव्हा! पण ती माझीच मुलगी, ऐकते कशाला. आणि आता तिला पहिली मोठी ऑर्डर आली होती. औंधच्या एका डॉक्टरीणबाईंना जेवणाचं टेबल आणि आठ खुर्च्या हव्या होत्या. अट एकच, खिळा नको आणि स्क्रू नको. लाकडाला खाच पाडून त्यात लाकूडच बसवायचं. मशिनं निम्मं काम करतात, खाचेचा कोपरा साफ करायला शेवटी पटाशीच लागते. हिनं मोबाईलवरून मागवलेल्या पटाश्या सागवानात दोन ठोक्यांत बोथट झाल्या. खरं पोलाद घ्यायचं तर साठ हजार, आणि तेवढे तिच्याकडे नव्हते. लाकूड येऊन पडलेलं, महिना हातात, आणि हत्यारं नाहीत. ही ऑर्डर गेली असती तर शेडचं भाडं कुठून द्यायचं, हे ती मला सांगत नव्हती, पण मला दिसत होतं.

अशात तिला मोबाईलवर येरवड्याची जाहिरात सापडली. एका सुताराची हत्यारांची अख्खी पेटी, बारा हजार. फोटो धड नव्हता, पण कोपऱ्यात पटाश्यांच्या मुठी दिसत होत्या, आणि त्या शिसवीच्या होत्या. फोनवर बोलणारी बाई म्हणाली की एक हॉटेलवालाही चार वाजता येणार आहे, त्याला भिंतीवर टांगायला जुनी हत्यारं हवीत. भिंतीवर! मी चप्पल घातली. रिक्षात दीपमालाला बजावलं, तू तोंड उघडायचं नाहीस, डोळेसुद्धा मोठे करायचे नाहीत. सात हजारांत पदरात पाडून देते.

घर गल्लीच्या आत होतं, दोन खोल्यांचं. वस्ती पाडून तिथं इमारत होणार होती, घरच्यांना सातव्या मजल्यावर एक खोली मिळणार होती, आणि तिथं पेटीला जागा नव्हती. हे सगळं आम्हाला शालूनं सांगितलं. जाहिरात तिनंच टाकली होती, ती त्या घरची सून. सासरे, दत्तोबा, खाटेवर बसले होते. पंचाहत्तरीचे असतील. उजवा हात सारखा थरथरत होता म्हणून त्यांनी तो डाव्या हातानं धरून ठेवला होता. शालूनं पेटी ओढून उघडली.

खोटं कशाला बोलू, माल अस्सल होता. प्रत्येक हत्यार तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. अकरा पटाश्या, एकीलाही गंजाचा ठिपका नाही. तीन रंधे. करवत उजेडात धरली तर दोऱ्यासारखी सरळ. असं पोलाद मी फॅक्टरीतही दोनदाच पाहिलं होतं. आणि मी कारलं चावल्यासारखं तोंड केलं.

म्हटलं, मुठी झिजल्यात. रंध्याचा तळ पोकळ झालाय, हा काय रंधणार. करवतीचे दात गेलेत. पटाश्या घासून घासून आखूड केल्यात, आता उरलंय काय त्यात. गुण्या तर काटकोनात नाहीच. एकेक वस्तू उचलायची, नाक मुरडायचं आणि ठेवून द्यायची, असं माझं छान चाललं होतं. शेवटी म्हटलं, सात हजार देते, तेही तुमची अडचण आहे म्हणून.

दत्तोबा उठले. एकेक हत्यार त्यांनी फडक्यात गुंडाळलं. हात थरथरत होता म्हणून वेळ लागला, पण शालूला हात लावू दिला नाही. मग पेटी बंद केली आणि म्हणाले, विकायची नाही.

मला हे डाव नवीन नाहीत. मी पर्स उचलली आणि निघाले. जुन्या बाजारात दहा पावलांच्या आत हाक येते, बरं या ताई, आठ द्या. मी दहा पावलं चालले. वीस चालले. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता तिथवर पोचले, हाक नाही. मागे वळून बघितलं तर दीपमालाही नाही.

नळापाशी उभी राहून मी आधी चिडले. म्हातारा आहे, हेकट आहे, टांगू दे भिंतीवर. पाणी भरणारी एक बाई बादली बाजूला घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. जुन्या बाजारात माल विकणारा असतो त्याचा त्या वस्तूशी काही संबंध नसतो. तो भंगारातून उचलतो, मी नावं ठेवते, तोही मनावर घेत नाही आणि मीही नाही. पण ती मूठ झिजली होती ती या माणसाच्या तळव्यानं. पन्नास वर्षं रोज. आणि मी त्याच्या घरात बसून, त्याच्या सुनेसमोर, त्याला सांगत होते की तुझ्या हत्यारात दम नाही. फॅक्टरीत माझ्या पटाशीला कुणी असं म्हटलं असतं तर मी ती त्याच्या पायावर सोडली असती. मला माझीच लाज वाटली, आणि ती मला सहसा वाटत नाही.

हाक न येता परत फिरण्याची माझी आयुष्यातली पहिलीच वेळ. आत आले तर दीपमाला पेटीशेजारी जमिनीवर बसलेली. नुसती त्या बंद झाकणाकडे बघत होती. मला बघून तिनं मान फिरवली.

दत्तोबांनी विचारलं, "ताई, आपण लाकडाचं काम केलंय?"

"बत्तीस वर्षं."

"मग आपल्याला दिसलं असणार."

"दिसलं, आबा," मी म्हटलं. "मी खोटं बोलले."

मग मी खाली बसले, त्यांना विचारून पेटी उघडली, आणि जे जे खोटं बोलले होते ते सगळं एकेक करून मागे घेतलं. रंध्याचा तळ आरशासारखा सपाट आहे. करवतीचे दात कालच लावल्यासारखे आहेत. पटाश्या आखूड झाल्यात त्या धार लावून लावून, म्हणजे काम करून, आणि अजून तीस वर्षं जातील. गुण्या मी नीट लावूनसुद्धा बघितला नव्हता, तो आत्ता बघितला, काटकोन चोख आहे. पैसे द्यायच्या आधी मालाचं कौतुक करताना जीभ जड होते, सांगते. शालू पदर तोंडाला लावून हसत होती.

दत्तोबा हसले नाहीत. त्यांनी दीपमालाकडे बोट केलं. "हत्यारं हिला हवीत ना? हिचा हात कसा आहे ते सांगा. हॉटेलवाला पंधरा देतोय. मला पंधराचं काही नाही. पण हात कच्चा असेल तर भिंतीवर गेलेली बरी."

आता बघा, उत्तर तोंडात तयार होतं. बरा आहे, शिकतेय, घाई करते, सांध्यात फट ठेवते. इतकी वर्षं मी हेच म्हणत आले होते, ते आपोआप जिभेवर आलं. पण समोरचा माणूस मघाशी एकदा माझं खोटं ऐकून बसला होता. आणि पेटी जाणार होती ती माझ्या एका वाक्यावर.

मी म्हटलं, "हिनं पहिली खुर्ची केली ती नोकरीत असताना, रविवारी-रविवारी, आमच्या गॅलरीत. मला दाखवायला आणली तेव्हा मी म्हटलं, मागचा डावा पाय अर्धा सूत आखूड आहे. तो आखूड नव्हता. ती दुकानात गेल्यावर मी चारही पाय मोजले. चारही सारखे होते. मला माझ्या पहिल्या दहा वर्षांत तशी खुर्ची जमली नसती. हिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, आबा."

मग दीपमाला म्हणाली, "मी बाकीचे तीन तासले."

"काय?"

"तू आखूड म्हणालीस म्हणून बाकीचे तीन पाय अर्धा सूत तासले. तेव्हापासून ती डुगडुगते. मला वाटलं मलाच मोजता येत नाही." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "का म्हणालीस तसं?"

का ते मला माहीत होतं. खुर्ची चांगली आहे म्हटलं असतं तर ही दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून आली असती. मी एकटीनं वाढवलेली मुलगी, महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारी, ती मला तशीच हवी होती. म्हणून मी तिला नावं ठेवली, म्हणजे तिला स्वतःची किंमत कळू नये. हे मी तिला तिथंच, परक्याच्या घरात, असंच्या असं सांगितलं. म्हटलं, चुकलं माझं. आणि तरीही तू नोकरी सोडलीसच, तेव्हा तेही फुकट गेलं.

दत्तोबांनी मोठा रंधा उचलून तिच्या हातात दिला. घरात एक फळीचा तुकडा होता तो खाटेच्या कडेला टेकवला. दीपमालानं पात्याच्या कडेवरून अंगठा हलकेच फिरवला, पातं केसभर आत घेतलं आणि एक हात मारला. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पातळ साल निघाली. दत्तोबांनी ती जमिनीवरून उचलली, उजेडात धरली आणि शालूला म्हणाले, हॉटेलवाल्याला फोन करून नको म्हण.

पैसे बाराच घेतले. मी पंधरा काढत होते, तर म्हणाले, बारा लिहिलेत तर बाराच, मला घासाघीस आवडत नाही. शालू पुन्हा हसली. असा मी साठ हजारांचा माल बारा हजारांत आणला, हेही विसरू नका.

रिक्षात पेटी आमच्या दोघींच्या मध्ये होती. येरवड्यापासून मांजरीपर्यंत दीपमाला बाहेर बघत राहिली. शेडचं कुलूप काढताना ती म्हणाली, "आत ये. टेबलाचे पाय उभे केलेत. बघून सांग."

मी चष्मा पुसला. वाकून चारी बाजूंनी बघितलं, गुण्या लावला, पुन्हा बघितलं. काम देखणं होतं आणि मी तसं म्हटलंही, मोठ्यानं. पण पलीकडचा उजवा पाय खरंच एक सूत जास्त होता. आता बोलू की नको, असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, ते वाटलं. शेवटी सांगितलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, खिशातून टेप काढली आणि चारही पाय स्वतः मोजले. पलीकडच्या पायाशी आल्यावर दोनदा मोजलं. मग पेटीतून दत्तोबांचा रंधा काढून कामाला लागली. यापुढे ती मोजणारच, आणि मोजलंच पाहिजे. मी बाजूला बसून पटाश्यांची फडकी सोडायला घेतली.